नाशिकवरचा एनओटू डेटा मधूनच गायब होतो, माझा कोड चुकलाय की उपग्रहच म्हातारा झालाय?

नाशिकरोडची_पोर
सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. एमएस्सीचा प्रोजेक्ट करतेय, नाशिकवरचा नायट्रोजन डायऑक्साइड (एनओटू) २००५ पासून कसा बदलत गेला ते उपग्रहाच्या डेटातून काढायचंय. ऑरा उपग्रहावर ओएमआय नावाचं उपकरण आहे त्याचा रोजचा डेटा उतरवलाय, आणि एकलहऱ्याचं थर्मल वीजकेंद्र, सातपूर-अंबडची एमआयडीसी आणि मधलं शहर एवढा चौकोन धरलाय. २००५, २००६ एकदम मस्त, पावसाळा सोडला तर जवळजवळ रोज आकडा मिळतो. २००७ च्या मध्यानंतर मात्र अधूनमधून एखादा दिवस रिकामा यायला लागतो, आणि २००९ पासून तर इतके रिकामे की ग्राफ उंदराने कुरतडलेल्या चादरीसारखा दिसतोय.

सर म्हणाले कोड चुकलाय, परत लिही. दोनदा परत लिहिला. दोन्ही वेळा भोकं त्याच तारखांना. आता तिसऱ्यांदा लिहायची हिंमत नाहीये.

अजून एक, म्हणजे हे जरा आगाऊ आहे पण विचारते. हे यान जुलै २००४ मधे सोडलंय, पाच-सहा वर्षांसाठी म्हणून. आमच्या घरातला फ्रीज त्याच्यानंतरचा आहे आणि त्याला दोनदा गॅस भरून झालाय. तिकडे वर तर कोणी मेकॅनिक जात नाही, मग वीस वर्षं ते चालवतात कसं? रोज नेमकं करतात काय?


कॉलेजरोड_कटिंग
सोमवार, रात्री ११:५२

ढग असतील. क्लाऊड फ्रॅक्शनची, म्हणजे किती आभाळ ढगाळ चालेल त्याची, मर्यादा वाढवून बघ. विषय संपला.


नाशिकरोडची_पोर
मंगळवार, रात्री १२:०५

दादा, जानेवारीत कुठले ढग? निफाडला पारा खाली गेल्याच्या बातम्या असतात आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ, त्या दिवसांना पण रिकामं येतंय. आणि ढगच असते तर २००६ च्या जानेवारीत का नव्हते.


अँटेनावाला_सातपूर
मंगळवार, सकाळी ७:१५

कोड चुकलेला नाही. सरांना सांग, पण जरा सांभाळून सांग :)

तुला जे दिसतंय त्याला रो अॅनोमली म्हणतात आणि ओएमआयचा डेटा वापरणारा जगातला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यात अडखळलेला आहे. ओएमआय खाली बघताना आरसा इकडून तिकडे फिरवत नाही, एकाच वेळी साधारण २६०० किमी रुंदीचा पट्टा बघतं आणि त्या पट्ट्याचे ६० भाग पाडतं, त्यातला एकेक भाग म्हणजे एक रो. गावाकडे पेरणी बघितली असशील तर पाभर डोळ्यासमोर आण. नळी तुंबली की त्या ओळीत बी पडत नाही, बैल कितीही नीट चालू दे आणि शेतकरी कितीही शहाणा असू दे. तसंच झालंय. जून २००७ मधे दोनच ओळी बिघडल्या, म्हणून तुझे तेव्हा एखाद-दुसरेच दिवस गेले, मग मे २००८ मधे आणखी काही आणि जानेवारी २००९ मधे एकदम पसरलं. उपकरण आतून ठणठणीत आहे. यानाला बाहेरून जे उष्णतारोधक आवरण गुंडाळलेलं असतं, गोधडीसारखं, ते कुठेतरी सुटून उपकरणाच्या नजरेच्या आड आलंय असा अंदाज आहे. अंदाजच, कारण बघायला कोणी गेलेलं नाही, सिग्नल कमी कुठे होतो आणि नको तिथे सूर्याचा उजेड कुठून येतो यावरून ताडलंय.

आता तुझा प्रश्न, सगळेच दिवस का रिकामे नाहीत. यान दर १६ दिवसांनी तीच वाट पुन्हा धरतं. म्हणजे नाशिक आज पट्ट्याच्या मधे येईल, उद्या डाव्या कडेला, परवा उजव्या. ज्या दिवशी आपण तुंबलेल्या नळीखाली आलो तो दिवस गेला. तू रिकाम्या तारखा एका कागदावर लिहून त्यात १६ चा ताल सापडतो का बघ, पाच मिनिटांचं काम आहे, आणि सरांना दाखवायला याच्याइतका बिनतोड पुरावा दुसरा नाही.

पुढचं जास्त महत्त्वाचं, नीट वाच. फाईलमधे एक्सट्रॅक क्वालिटी फ्लॅग नावाचा रकाना असतो, कोणती ओळ बिघडलेली आहे ते सांगणारा, तो लावायचाच. तुझ्या फाईलमधे आधीच लावलेला दिसतोय म्हणून तर रिकामं आलं, नाहीतर खोटे आकडे आले असते आणि तुला पत्ताही लागला नसता. आणि २००५ पासूनचा कल काढणार असशील तर सगळ्या वर्षांसाठी त्याच ओळी वापर ज्या शेवटपर्यंत चांगल्या राहिल्या. २००५ मधे साठच्या साठ आणि २०१५ मधे उरलेल्या असं केलंस तर तू नाशिकची हवा मोजत नाहीयेस, पाभर मोजतेयस.

आणि पट्ट्याच्या अगदी कडेच्या ओळी पण टाळ. बरोबर खाली बघताना एक खाना १३ बाय २४ किमीचा असतो, म्हणजे सातपूर आणि एकलहरे आधीच जवळपास एकाच खान्यात. कडेला तोच खाना तिरका ताणला जाऊन शंभर-दीडशे किमी रुंद होतो, म्हणजे जव्हारच्या जंगलापासून येवल्यापर्यंतची हवा एका आकड्यात. त्याला नाशिक म्हणायचं का ते तूच ठरव. २०१८ नंतरच्या वर्षांसाठी जोडीला ट्रोपोमी घे, ते सेंटिनेल-५पी यानावर ऑक्टोबर २०१७ मधे गेलंय, त्याचा खाना आधी सात बाय साडेतीन आणि ऑगस्ट २०१९ पासून साडेपाच बाय साडेतीन किमी, त्यात थर्मल आणि शहर वेगळं ओळखायची थोडी तरी आशा आहे.

जाता जाता, म्हाताऱ्या उपग्रहांवर माझा जीव आहे म्हणून सांगतो. मी गच्चीवर ५३-५३ सेंटीमीटरच्या दोन अॅल्युमिनियमच्या दांड्या १२० अंशात बांधून १३७ मेगाहर्ट्झवर नोआ या अमेरिकन हवामान उपग्रहांची चित्रं उतरवायचो. नोआ-१५ हे मे १९९८ चं यान. त्याच्या स्कॅनरची मोटर शेवटच्या काही वर्षांत मधेच अडखळायची, चित्र फाटल्यासारखं यायचं, कोकण किनारा तुकड्या-तुकड्यात. दोन दिवसांनी बघावं तर परत सरळ. ऑगस्ट २०२५ मधे ते बंद केलं. दांड्या अजून गच्चीवर आहेत, बायको त्यावर टॉवेल वाळत घालते.


पास_शिफ्ट
मंगळवार, दुपारी ३:२०

वरच्या गृहस्थांनी डेटाचं बरोबर सांगितलंय, मी दुसऱ्या प्रश्नाचं बोलतो. ग्राउंड स्टेशन आणि कंट्रोल रूम मिळून बरीच वर्षं शिफ्ट केल्या, आता रिटायर होऊन इंदिरानगरला राहतो. कुठे होतो आणि कोणत्या यानावर ते विचारू नका. ऑरावर काम केलेलं नाही, पण पृथ्वीच्या जवळून फिरणाऱ्या सगळ्या यानांचा संसार थोड्याफार फरकाने सारखाच.

ताई, फ्रीजचं उदाहरण तुम्ही छान दिलंत, तिथूनच सुरू करतो. ऑरा ७०५ किमीवर आहे, एक फेरी ९९ मिनिटांची, त्यातली साधारण ३५ मिनिटं पृथ्वीच्या सावलीत. सावलीत गेलं की बॅटरी, उन्हात आलं की पॅनेलवर चार्जिंग. दिवसाला साडेचौदा फेऱ्या म्हणजे वर्षाला पाच हजारांवर चार्जिंग, वीस वर्षांत लाखाच्या वर. आपला मोबाईल हजारभर चार्जिंगमधे रडायला लागतो. ही बॅटरी टिकते कारण तिला कधी रिकामी होऊच देत नाहीत, वरची थोडीशीच वापरायची, खालची तशीच राखून ठेवायची. आणि तरीसुद्धा ती दमतेच. पॅनेलही किरणोत्सर्गाने दरवर्षी थोडी थोडी आंधळी होत जातात, आणि दर फेरीला कडक तापायचं नि कडक गारठायचं, त्यात सांधे, वायरी, डाग दिलेले जोड सगळं आखडतं नि सैलावतं. मिळकत कमी होत जाते पण घरात खाणारी तोंडं तेवढीच. मग एकेक बंद करावं लागतं. म्हाताऱ्या यानाच्या बैठकीत भांडण होतं ते यावरच, कोणतं उपकरण बंद करायचं. ज्याचं उपकरण असतं तो शास्त्रज्ञ डोळ्यात पाणी आणतो, खोटं नाही सांगत.

रोज काय करतो. खरं सांगायचं तर बहुतेक दिवस काही होत नाही आणि काही होऊ नये हेच काम. यान क्षितिजावर आलं की स्टेशनच्या हातात दहा-बारा मिनिटं, त्याला पास म्हणतात. तेवढ्यात तब्येतीचे आकडे घ्यायचे, रेकॉर्डरमधे साठलेला डेटा खाली ओढायचा, घड्याळाचा फरक बघायचा, आणि पुढच्या दिवसांचं कामाचं वेळापत्रक वर चढवायचं, अमुक सेकंदाला हे चालू कर, तमुक सेकंदाला ते बंद. ध्रुवाजवळून जाणाऱ्या यानांना स्वालबार्ड किंवा अलास्काची स्टेशनं सोयीची, तिथे जवळजवळ प्रत्येक फेरीला भेट होते. मग यान मावळलं की शांत. चहा. नव्वद मिनिटांनी परत.

पण खरं कौशल्य लागतं ते कंटाळवाण्या कामात. प्रत्येक आकड्याचा महिनोन्महिन्यांचा आलेख काढून बघत बसायचं. दिशा राखायला यानात फिरती चाकं असतात, त्यांच्या मोटरला लागणारा करंट जर तीन महिन्यांत हळूहळू वर सरकत असेल तर बेअरिंगचं वंगण दमलंय, अजून मर्यादेच्या आत आहे म्हणून एकही लाल दिवा लागणार नाही, पण ज्याला बघायची सवय आहे त्याला पोटात गोळा येतो. मग त्या चाकाचा वेग बदलून बघायचा, काही ताण चुंबकीय कॉईलवर टाकायचा, नाहीच जमलं तर त्याला सुट्टी देऊन राखीव चाकावर जायचं. असं आधीच पकडलं तर ते ऑपरेशन, नाही पकडलं तर तो अपघात.

आणि यान स्वतः घाबरलं की सेफ मोडमधे जातं. म्हणजे उपकरणं बंद, पॅनेल सूर्याकडे, आणि गप्प उभं राहून आमची वाट बघत बसतं. कारण पुष्कळदा क्षुल्लक असतं. दक्षिण अटलांटिकच्या वर किरणोत्सर्गाचा एक दाट पट्टा खाली आलेला आहे, तिथून जाताना एखादा कण मेमरीतला एक बिट उलटवतो आणि कॉम्प्युटर गोंधळतो. अशा वेळी नवख्या माणसाचा हात लगेच कीबोर्डवर जातो. आमचे पहिले साहेब हातावर फटका मारायचे, अक्षरशः. सेफ मोडमधलं यान सुरक्षित असतं, घाईने कमांड टाकणारा माणूस नसतो. आधी आकडे उतरवा, काय झालं ते तीन जणांनी वेगवेगळं वाचा, सिम्युलेटरवर चालवून बघा, मग एक कमांड. एकच. तिचा परिणाम बघा, मग दुसरी.

एक किस्सा सांगतो. रात्री अडीचच्या पासला एका बॅटरीचं तापमान अडकलं. म्हणजे वाढत नाही, कमी होत नाही, तीन पास झाले तरी तोच आकडा, दशांशापर्यंत. सगळे घरून उठवून आणले. सेन्सर मेला, हीटर चिकटला, डेटा जमवणारं कार्ड गेलं, पहाटेपर्यंत फळा भरला. सकाळी सहाला शिफ्ट बदलली आणि नवीन आलेल्या मुलीने विचारलं, सर, बाकीचे आकडे तरी हलतायत का? बघितलं तर अर्धं पानच हलत नव्हतं. आमच्याच इथला डिस्प्लेचा सर्व्हर अडकला होता आणि जुनं पान दाखवत बसला होता. यान बिचारं वर मजेत. तेव्हापासून नियम, पहिला संशय जमिनीवर. केबलमधे शिरलेलं पावसाचं पाणी, अँटेनाच्या पोटात पक्ष्याचं घरटं, हे सगळं बघून मगच आभाळाकडे बोट दाखवायचं.

जमिनीवरचं म्हातारपण यानाच्या म्हातारपणाइतकंच छळतं हे कोणी सांगत नाही. यान वीस वर्षांचं म्हणजे कंट्रोल रूममधले कॉम्प्युटरही त्याच पिढीचे, त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, ज्याने सॉफ्टवेअर लिहिलं तो रिटायर, आणि एखादी ओळ अशी का लिहिली ते फक्त त्याला माहीत. त्याला फोन करावा तर तो नातवाला शाळेतून आणायला गेलेला असतो. आता मीच तो झालोय.


ओझरचे_काका
मंगळवार, रात्री ८:०५

वाचून मजा आली. माझं सगळं आयुष्य ओझरला विमानांच्या ओव्हरहॉलमधे गेलं. आमच्याकडे विमान तासांवर मोजतात, इतके तास उडालं की हँगरमधे घ्या, सगळं उघडा, तडा आहे का बघा, झिजलेलं फेका, नवीन घाला, सही करा, सोडा. म्हणून मला हे कळत नाही की न उघडता, हात न लावता तुम्ही सही कशी करता? आमच्यात असं कोणी केलं असतं तर नोकरी गेली असती. आणि दोन-पाच वर्षांचं म्हणून पाठवलेलं यान वीस वर्षं चालतं म्हणजे डिझाईनवाल्याने हिशेब चुकीचा केला का मुद्दाम कमी सांगितला?


पास_शिफ्ट
मंगळवार, रात्री ९:३०

काका, बरोबर जागी बोट ठेवलंत. आम्ही सही यान चांगलं आहे म्हणून करत नाही, कालच्यापेक्षा वाईट नाही म्हणून करतो.

हिशेब चुकीचा नसतो. दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं चालण्याची जवळजवळ खात्री. ती खात्री द्यायची तर प्रत्येक वस्तू डबल, ए साईड आणि बी साईड, आणि प्रत्येकीत भरपूर जास्तीचा माल. मग नशीब बरं असेल तर तो जास्तीचा माल आम्ही वर्षानुवर्षं पुरवून खातो. स्वीडनचं ओडिन फेब्रुवारी २००१ मधे गेलं, दोन वर्षांसाठी. कॅनडाचं साईसॅट ऑगस्ट २००३ मधे, तेही दोन वर्षांसाठी, सूर्य उगवताना आणि मावळताना हवेच्या कडेतून येणारा उजेड बघून ओझोन आणि बाकीचे वायू मोजतं. दोघांनीही वीस वर्षं ओलांडली. दोन्ही लहान यानं, ओडिन अडीचशे किलोचं आणि साईसॅट दीडशेच्या आसपास, म्हणजे दोन बुलेट मोटारसायकलींपेक्षा हलकं.

पण सगळ्यांचं नशीब तसं नसतं. ऑरावरच बघा, त्याच्यावर चार उपकरणं बसवून पाठवली होती. एकाच्या तोंडावर उड्डाणातच प्लास्टिकचा पापुद्रा येऊन बसला, ८० टक्के नजर झाकली गेली. त्यांनी काय करावं, उरलेल्या फटीतून बघायला शिकले, नवीन गणित लिहिलं, आणि तीन वर्षं खरंच कामाचा डेटा काढला. मार्च २००८ मधे आतलं फिरतं चाक थांबलं तेव्हा संपलं. दुसऱ्यात एक सरकता भाग होता, तो अडखळायला लागला, ते जानेवारी २०१८ मधे थांबवलं. तिसरं, मायक्रोवेव्हवालं, त्याच्यात हायड्रोजन क्लोराईड बघणारा एक भाग २००६ मधेच झिजताना दिसला, तर त्यांनी तो मारून टाकला नाही, बंद करून ठेवला आणि अधूनमधून थोडेच दिवस चालू करायचे. आजीची पैठणी असते ना, लग्नकार्यालाच बाहेर निघते. चौथं तुमचं ओएमआय, नळ्या तुंबलेलं.

ताई, तुम्हाला एक कामाचं. म्हातारं यान इंधन वाचवायला लागलं की कक्षेची टापटीप सोडून देतं. ऑरा आपल्याकडे दुपारी पावणेदोनच्या सुमाराला यायचं. कक्षेचा तिरकेपणा राखणं थांबवलं की ती वेळ हळूहळू पुढे सरकते. एनओटूचं प्रमाण दिवसभरात बदलतं, म्हणजे हवा तीच असली तरी घड्याळामुळे आकडा बदलेल. अगदी शेवटची दोन-तीन वर्षं आलेखात वेगळ्या रंगाने दाखवा.


अँटेनावाला_सातपूर
मंगळवार, रात्री १०:१०

काका, हात लावायचा प्रकारही झालाय बरं का. ईआरबीएस नावाचं यान ऑक्टोबर १९८४ मधे चॅलेंजर शटलमधून सोडत होते, त्याचं सौर पॅनेल थंडीने आखडून उघडेना. सॅली राइड रोबोटिक हातावर होत्या. त्यांनी ते यान त्या हाताने चक्क हलवलं, गदागदा, आणि उन्हाकडे धरलं. उघडलं! बंद पडलेल्या रेडिओला टपली मारतात तसं. दोन वर्षांसाठी गेलेलं ते यान २००५ पर्यंत चाललं, त्याच्यावरच्या सेज-२ उपकरणाने ओझोनची घट मोजली. जानेवारी २०२३ मधे बेरिंग समुद्रावर पडलं.


ओझरचे_काका
मंगळवार, रात्री १०:२२

टपली! हे आमच्या हँगरमधे पण चालायचं. कागदावर लिहीत नव्हतो एवढंच.


पिंपळगावची_बाग
बुधवार, सकाळी ६:३०

मी आपला द्राक्षवाला माणूस, डावनी रोगाची फवारणी करायची का नाही हे हवेतल्या ओलाव्यावर ठरवतो म्हणून हा धागा उघडला तर इथे वेगळंच चाललंय. चालू द्या. मला फक्त एक सांगा, हे म्हातारे उपग्रह पडतात कुठे? आमचे वडील अजून स्कायलॅबची गोष्ट सांगतात, १९७९ मधे पार गावात लोक म्हणत होते की आता काय राहत नाही, खाऊन-पिऊन घ्या. सहा टनांचं एखादं बागेवर पडलं तर विमा देतात का?


पास_शिफ्ट
बुधवार, सकाळी १०:४५

स्कायलॅब शेवटी हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात पडलं, बागा वाचल्या. सहा टनांचं म्हणाल तर ते युएआरएस, वरच्या वातावरणाचा अभ्यास करणारं, सप्टेंबर १९९१ मधे शटलने सोडलेलं. २००५ मधे बंद केलं, आणि सप्टेंबर २०११ मधे ते आपोआप, कोणाच्या ताब्यात नसताना पडलं. पॅसिफिकमधे पडलं हे नंतर कळलं, आधी कोणाला छातीठोक सांगता येत नव्हतं.

पण तुम्हाला ओलाव्यात रस आहे तर आपल्याच एका यानाचं सांगतो, कारण ते तुमच्या डोक्यावरून जायचं. मेघा-ट्रॉपिक. भारत आणि फ्रान्स दोघांचं, १२ ऑक्टोबर २०११ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने गेलं, तीन वर्षांसाठी. उष्ण कटिबंधातला पाऊस, ढग आणि हवेतली वाफ बघायला. त्याची कक्षा विषुववृत्ताशी २० अंश कललेली. आता नाशिकचा अक्षांश बघा, २० अंश उत्तर. म्हणजे उत्तरेकडे जायची त्याची शेवटची हद्द ती आपलीच रेघ, इथपर्यंत यायचं आणि दक्षिणेला वळायचं. त्यातलं मद्रास नावाचं उपकरण, पाऊस बघणारं, जानेवारी २०१३ मधे फिरायच्या यंत्रणेत बिघाड होऊन गेलं. म्हणजे घरातला कर्ता मुलगाच गेला. पण सफीर, वाफ मोजणारं, आणि स्कॅरॅब ही दोन चालू राहिली, आणि यानाने २०२१ पर्यंत डेटा दिला.

मग प्रश्न आला की आता करायचं काय. ८६७ किमीवर होतं, सोडून दिलं असतं तर शंभर वर्षांहून जास्त तिथेच भंगार म्हणून फिरलं असतं. टाकीत जवळपास १२५ किलो इंधन शिल्लक होतं. खाली आणून समुद्रात पाडायचं ठरवलं, आणि हे यान त्या कामासाठी बनवलेलंच नव्हतं. ऑगस्ट २०२२ पासून वीस वेळा थ्रस्टर, म्हणजे यानाची छोटी इंजिनं, चालवून कक्षा खाली खाली आणली. खालच्या दाट हवेत यानाला धक्के बसायला लागतात, दिशा धरून ठेवणं अवघड होतं, आणि तेव्हाच नेमकी शेवटची ढकल अचूक द्यायची असते. ७ मार्च २०२३ ला संध्याकाळी साडेचार आणि पावणेसात अशा शेवटच्या दोन ढकला दिल्या, चार छोटे थ्रस्टर, प्रत्येक वेळी वीस-एक मिनिटं. पॅसिफिकमधे गेलं. मी तेव्हा घरी होतो, टीव्हीवर काही नव्हतं, होळीच्या बातम्या चालल्या होत्या. आम्ही जुने दोघं-तिघं फोनवर होतो. दहा वर्षं ज्याचे आकडे बघितलेत ते स्वतःच्या हाताने जाळायचं म्हणजे, जाऊ दे.


पिंपळगावची_बाग
बुधवार, सकाळी ११:०२

म्हातारा बैल कसायाला न देता दावणीला ठेवतात आणि शेवटी स्वतःच्या शेतात पुरतात, तसं झालं हे. कळलं. विम्याचं राहिलं पण असू द्या.


अँटेनावाला_सातपूर
बुधवार, दुपारी १२:१५

सगळ्यांना इंधन नसतं हेही सांगा की. टाइम्ड नावाचं यान आहे, डिसेंबर २००१ चं, वातावरणाचा अगदी वरचा थर बघतं. त्याला थ्रस्टरच नाहीत. त्याच्यावरच्या सेबर उपकरणावर ऊन पडू नये म्हणून साधारण दर साठ दिवसांनी ते जागच्या जागी पाठ फिरवतं, तेवढंच, वाट बदलू शकत नाही. २८ फेब्रुवारी २०२४ ला आपल्याकडे दुपारचे बारा वाजून गेले होते तेव्हा एक मेलेला रशियन उपग्रह, कॉसमॉस २२२१, त्याच्या शेजारून गेला. आधी म्हणाले वीस मीटरच्या आत, नंतर म्हणाले दहापेक्षा कमी. दोघांपैकी कोणालाच बाजूला होता येत नव्हतं. द्वारका सर्कलला समोरून ब्रेक नसलेला ट्रक आणि आपणही ब्रेक नसलेल्या रिक्षात, असं समजा. कंट्रोल रूममधल्या लोकांनी काय केलं असेल?


पास_शिफ्ट
बुधवार, दुपारी १२:४०

काही नाही. खुर्चीत बसायचं आणि पुढच्या पासला सिग्नल येतो का बघायचं. आला.


नाशिकरोडची_पोर
गुरुवार, रात्री १०:५५

सगळ्यांना खूप खूप थँक्यू, इतकं मिळेल असं वाटलंच नव्हतं. काल दिवसभर हेच केलं. रिकाम्या तारखा कागदावर मांडल्या, आणि खरंच १६ चा ताल आहे. मधे मधे तुटतो, कारण ढगांचे दिवस त्याच्यात मिसळलेत, ते वेगळे काढले तर अगदी ठोक्यावर. मग शेवटपर्यंत चांगल्या राहिलेल्या ओळीच सगळ्या वर्षांना लावल्या, कडेच्या सोडल्या. आता २००५-०६ पण विरळ झालंय, आधी जे मस्त दिसत होतं ते. वाईट वाटलं थोडं. पण आधीच्या ग्राफमधे २००९ ला जी एकदम उडी दिसत होती, जिच्यावर मी दोन पानं लिहिली होती की गाड्या वाढल्या, उड्डाणपूल, एमआयडीसी आणि काय काय, ती उडीच गायब झाली. ती दोन पानं फाडली.

सरांना कागद दाखवला. बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, हा फ्लॅगचा रकाना आपल्या आधीच्या बॅचनी लावला होता का ते तपासावं लागेल. आता ते पण काम माझ्याच गळ्यात.

काका, तुमच्या हँगरच्या गोष्टी वेगळ्या धाग्यात लिहाल का? आणि पास_शिफ्ट सर, एक शेवटचं, तो डिस्प्ले अडकलाय का असं विचारणारी मुलगी, तिचं पुढे काय झालं?


पास_शिफ्ट
गुरुवार, रात्री ११:२०

ती आता त्या शिफ्टची प्रमुख आहे. मागच्या आठवड्यात तिचाच फोन आला होता, २००३ साली मी एका कमांडपुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह का काढलंय ते विचारायला. मला आठवेना. उद्या जुनी डायरी माळ्यावरून काढतो.